पाण्याखालचे दफ्तर

आमच्या सोसायटीत गेले वर्षभर असा समज आहे, की मी एक लायब्ररी चालवतो. हा समज पसरवण्याचे श्रेय आमच्या सौभाग्यवतीचे. रात्री जेवणे झाल्यावर मी कॉम्प्युटरपुढे बसून काय करतो, असे तिला हळदीकुंकवाला कुणीतरी विचारले. तिने खरे तेच सांगितले, "लायब्ररीचं काम करतात." दुसऱ्याच दिवशी तळमजल्यावरचे निवृत्त गृहस्थ मला जिन्यात भेटले आणि म्हणाले, "वा! उपक्रम चांगला आहे. वर्गणी किती ठेवलीत? आणि अनामत?"

मी म्हटले, "वर्गणी नाही. अनामतही नाही."

"मग लोक पुस्तकं परत कशी करणार?"

"पुस्तकं नाहीतच. आणि नेलेलं परतही करायचं नसतं."

त्या गृहस्थांनी माझ्याकडे पाहिले आणि 'बरं, बरं' म्हणत ते दोन पायऱ्या एकदम उतरले. वयाला ते शोभणारे नव्हते.

खुलासा करणे भाग आहे. कॉम्प्युटरच्या धंद्यात लायब्ररी म्हणजे इतरांनी आपल्या प्रोग्रॅममध्ये आयती वापरावी अशी लहानसहान कामांची शिदोरी. मी ज्या लायब्ररीत हातभार लावतो, तिचे नाव लिबडाइव्हकॉम्प्युटर. समुद्रात बुडी मारणारे लोक मनगटावर एक यंत्र बांधतात, त्याला डाइव्ह कॉम्प्युटर म्हणतात. त्या यंत्राशी बोलायचे, त्याच्या पोटातल्या नोंदी काढून घ्यायच्या आणि माणसाला कळतील अशा मांडायच्या, एवढेच तिचे काम. ती सगळ्यांना फुकट आहे, आणि तिच्या आत काय लिहिले आहे तेही सगळ्यांना उघडे आहे. अशा गोष्टीला ओपन सोर्स म्हणतात. मला विचाराल तर आपल्याकडे तिला पाणपोई म्हणतात. कोण पितो, कुठून आला, कुठे निघाला, हे पाणपोईवर कुणी विचारत नाही. रांजण भरलेला असावा आणि ओगराळे जागेवर असावे, एवढेच बघायचे.

पण पुण्यात राहणाऱ्या, चाळिशी ओलांडलेल्या, पोट सुटू लागलेल्या माणसाला समुद्राच्या तळाशी काय काम, हा प्रश्न उरतोच. तो सौभाग्यवतीलाही पडतो. मालवणला सुट्टीत गेलो असता तारकर्लीच्या बुडीच्या शाळेत सहज नाव घातले, आणि पहिल्यांदा डोके पाण्याखाली गेल्यावर वरच्या जगाचा सगळा कलकलाट एका क्षणात बंद झाला. त्या शांततेची मला चटक लागली. बाकी काही कारण नाही.

तिथेच मला डॉक्टर भेटले. साठीचे, सडपातळ, बोलायला मऊ. मी नवखा म्हणून घाबरलेला. त्यांनी आपले मनगट पुढे करून ते यंत्र दाखवले आणि म्हणाले, "हे आपलं रक्त मोजत नाही, पण रक्तात काय चाललं असेल याचा हिशेब ठेवतं."

तो हिशेब असा. आपण श्वासाबरोबर जी हवा घेतो, तिच्यात सुमारे चार-पंचमांश नायट्रोजन असतो. जमिनीवर तो निरुपद्रवी. पण पाण्यात दर दहा मीटरला एका वातावरणाइतका दाब वाढत जातो, आणि त्या दाबाने नायट्रोजन अंगात मुरतो. सावकाश वर आले तर तो तसाच सावकाश श्वासावाटे निघून जातो. घाई केली तर गोटीचा सोडा फोडल्यावर बाटलीत जे होते, तेच रक्तात होते. बुडबुडे सांध्यांत, कधी मज्जारज्जूत अडकतात. माणूस पांगळा होतो, कधी मरतो. यावरचा पहिला भरवशाचा तोडगा जॉन स्कॉट हाल्डेन या शास्त्रज्ञाने ब्रिटिश आरमारासाठी शोधला. त्याने बोकडांना आणि शेळ्यांना दाबाच्या कोठीत कोंडून पाहिले. दाब भराभर उतरवला की त्या एक पाय उचलून लंगडत. त्यावरून किती खोलीवरून किती टप्प्यांनी वर यावे याची कोष्टके त्याने १९०८ साली प्रसिद्ध केली. पुढे कित्येक वर्षे पाणबुडे घड्याळ आणि छापील कोष्टक यांच्या भरवशावर उतरत. १९८३ च्या सुमारास हे गणित स्वतः करणारी मनगटी आणि हातात धरायची यंत्रे बाजारात आली. ती दर काही सेकंदांनी दाब मोजतात, त्यावरून खोली काढतात, नायट्रोजनचा अंदाज बांधतात आणि 'आता वर चला, पण सावकाश' असे बजावतात. आणि जाता जाता सगळे लिहून ठेवतात.

"तुम्हीही हेच घ्या," डॉक्टर म्हणाले. मी तेच मॉडेल घेतले, तेही जुने, कारण नवे खिशाला परवडणारे नव्हते.

त्यानंतर आम्ही तीन-चार वर्षे थंडीत बरोबर बुड्या मारल्या. 'घाईने वर यायचं नाही आणि जोडीदाराला सोडायचं नाही,' हा त्यांचा मंत्र. मागच्या वर्षी डॉक्टर गेले. समुद्रात नव्हे, घरी, झोपेत. वर्षश्राद्धाला महिना राहिला असताना त्यांची मुलगी आमच्याकडे आली. तिने पर्समधून रुमालात गुंडाळलेले ते यंत्र काढले आणि टेबलावर ठेवले.

"काका, बाबांच्या शेवटच्या बुड्या यात आहेत. अंदमानला मी त्यांच्याबरोबर होते. मला त्या बघायच्या आहेत. कंपनीला लिहिलं, तर म्हणाले, या मॉडेलचं काम आम्ही आता करत नाही."

मी तिला "बघतो" म्हटले. आपण ज्या सहजपणे हा शब्द वापरतो, तितक्याच सहजपणे.

यंत्राच्या दर्शनी काचेवर बुडीची जुजबी माहिती दिसे : किती खोल, किती वेळ. पण बुडीचा सबंध आलेख आतल्या स्मृतीत, आणि तिथवर जायला केबल आणि कंपनीचा प्रोग्रॅम हवा. प्रोग्रॅम माझ्याकडे होता, सीडीवर. तो आजच्या कॉम्प्युटरवर चालेना. एका मित्राच्या छापखान्यात हिशेबासाठी ठेवलेला एक पुराणपुरुष कॉम्प्युटर होता, त्याच्यावर तो चालला. त्याने माझ्या यंत्रातल्या सगळ्या नोंदी ओढून घेतल्या, आणि मग नोंदणी क्रमांक मागितला. तो क्रमांक कंपनीकडून मिळवायचा, आणि कंपनीची ती खिडकी बंद होऊन जमाना झालेला. सावकाराने आपलीच कागदपत्रे आपल्याकडून मागून घ्यावीत आणि तिजोरीची किल्ली हरवली म्हणून सांगावे, तसा हा प्रकार. माझा श्वास, माझी खोली, माझे पाणी; आणि नोंद मात्र दुसऱ्याच्या कुलपात!

तेव्हा मी त्या लायब्ररीच्या दारात गेलो. निरनिराळ्या कंपन्यांची अनेक यंत्रे तिला ओळखता येतात. सी भाषेत लिहिलेली आहे. तिच्यात फेरफार करून ती पुढे वाटणाऱ्याने आपले फेरफारही खुले ठेवावेत, एवढीच अट. लिनक्स ज्याने जन्माला घातले तो लिनस टोरवाल्ड्स स्वतः हौशी पाणबुड्या. लिनक्सच्या कामात २०११ साली सक्तीचा खंड पडला, तेव्हा त्याने बुड्यांची वही ठेवणारा सबसर्फेस नावाचा प्रोग्रॅम लिहायला घेतला. तोही यंत्रांशी बोलतो तो याच लायब्ररीच्या तोंडून. एवढा थोर माणूस जिथे पाणी पितो, तिथे आपलीही तहान भागेल असे वाटून मी यादी पाहिली. आमच्या मॉडेलचे नाव तीत नव्हते.

पाणपोईवर रांजण रिकामा दिसला, तर दोन मार्ग असतात. शिव्या द्याव्यात, किंवा घागर आणावी. मी घागर उचलली.

पहिले काम म्हणजे चोरून ऐकणे. छापखान्यातला तो हट्टी प्रोग्रॅम नोंदी दाखवत नव्हता. पण यंत्राशी बोलत तर होता! केबलमधून जाणारे-येणारे सगळे आकडे टिपून घेणारा दुसरा एक प्रोग्रॅम मी मध्ये बसवला. शनिवार-रविवार, छापखाना बंद असताना, शाईच्या वासात बसून मी त्यांचे संभाषण ऐकू लागलो. प्रथम प्रोग्रॅम हाक मारी. यंत्र 'ओ' देई. मग प्रोग्रॅम म्हणे, 'अमुक पान दे.' यंत्र सोळा आकडे देई, आणि त्यांच्यामागून एक सतरावा. प्रत्येक आकडा शून्य ते २५५ यांमधला. तो सतरावा आकडा काय, ते दोन आठवडे कळेना. शेवटी सोळांची बेरीज करून पाहिली आणि तिच्यातून २५६ च्या पटी वजा केल्या. उरला तो नेमका सतरावा. म्हणजे पानाखालची बेरीज! वाटेत एखादा आकडा बदलला तर बेरीज जुळणार नाही, आणि पान पुन्हा मागता येईल. रोजकीर्दीच्या पानाखाली बेरीज मांडणारा कोणी कारकून त्या यंत्रात बसला आहे, असे वाटून मला फार बरे वाटले.

आता माझा प्रोग्रॅम यंत्राला हाक मारू शकत होता, आणि यंत्र पानेच्या पाने देत होते. पण पाने हाती आली म्हणजे वाचता आली असे नव्हे. हजारो आकड्यांची एक सलग ओळ. कुठे शब्द तुटतो, कुठे वाक्य संपते, काही पत्ता नाही. अशा वेळी मला वाईचे मामा आठवले.

मामांचा जन्म दफ्तरखान्यात मोडी कागद वाचण्यात गेला. वय वर्षे चौऱ्याऐंशी. मोडीतही शब्दाशब्दांत जागा सोडत नाहीत; हात न उचलता ओळ पुढे पळते. दोन्ही यंत्रे, केबल आणि कॉम्प्युटर पिशवीत घालून मी वाईला गेलो आणि मामांपुढे आकड्यांचे कागद पसरले.

त्यांनी चष्मा पुसला. "अरे, हे वाचायचं कसं ते मला विचारू नकोस. पण अपरिचित दफ्तर कसं वाचतात, ते सांगतो. आधी ज्याची तारीख, रक्कम, गाव तुला ठाऊक आहे असा एक कागद शोधायचा. ठाऊक असलेलं कागदात कुठं दिसतं ते बघायचं. मग ठाऊक नसलेल्याकडं जायचं."

मामांच्या वाड्यामागे विहीर आहे. पावसाळा नुकताच संपला होता. पाणी चांगले सात-आठ मीटर होते. मी एक दोर आणला, त्याला मीटरमीटरवर गाठी मारल्या, आणि टोकाला यंत्र आणि एक दगड बांधला. ठाऊक असलेला कागद आपणच तयार करायचा, असा बेत. उत्साहाच्या भरात म्हटले, दोन्ही यंत्रे सोडू, म्हणजे पडताळा मिळेल. डॉक्टरांचे यंत्र दोराला बांधत होतो, तोच मामा ओट्यावरून कडाडले, "ते ठेव खाली! मूळ कागदावर कधी लिहायचं नसतं, हे शाळेतल्या पोराला कळतं."

मी चपापलो. या यंत्रांची स्मृती रहाटगाडग्यासारखी असते. सगळी गाडगी भरली, की नवे पाणी पहिल्या गाडग्यात, आणि तिथले जुने सांडून जाते. डॉक्टरांच्या यंत्रात मी विहिरीतली एक बुडी भरली असती, तर त्यांची सर्वांत जुनी बुडी कायमची सांडली असती. ती कोणती, हेही कुणाला कळले नसते. मी ते यंत्र रुमालात गुंडाळून मामांच्या देवघरातल्या कोनाड्यात ठेवले.

मग माझे यंत्र विहिरीत सोडले. सात गाठींवर पाच मिनिटे, साडेतीनवर पाच मिनिटे, मग वर. शेजारचा गडी बैलाला पाणी पाजायला आला होता. थोडा वेळ बघून त्याने मामांना हळूच विचारले, "पाव्हणं पुण्याचं का?" मामांनी मान हलवली. त्याचे समाधान झाले.

संध्याकाळी ओसरीवर बसून मी नवी पाने काढली. एके ठिकाणी तेच ते आकडे पुन्हा पुन्हा येत होते : १०१, १ आणि मग आणखी दोन. असे तीस वेळा. पाच मिनिटांत तीस, म्हणजे दर दहा सेकंदांना एक नोंद, आणि एका नोंदीत चार आकडे! हात थरथरू लागला. पण १०१ आणि १ म्हणजे सात मीटर कसे? डावीकडून वाचले तर १०१ गुणिले २५६ अधिक १, म्हणजे पंचवीस हजारांच्या वर. विहिरीला तेवढी खोली नव्हती. उलटे वाचले, लहान घर आधी आणि मोठे मागून, तर २५६ अधिक १०१ म्हणजे ३५७. साडेतीन मीटरवरचा आकडा याच रीतीने १७८ निघाला, जवळजवळ निम्मा. म्हणजे खोली हीच. पण एका मीटरला ५१, हे कुठले माप?

"फूट धरून बघ," मामा म्हणाले. "साहेबाच्या यंत्रात फूटच असणार."

फूट धरून पाहिले. एका फुटाला साडेपंधराच्या किंचित वर.

"सोळा असेल. फुटाचे सोळा आणे."

मामांनी हे थट्टेने म्हटले की काय, मला कळले नाही. आपल्याकडे १९५७ साली आणे गेले आणि शंभर पैशांचा रुपया आला; पण मामांच्या पिढीचा हिशेब अजून सोळांनीच चालतो. सोळा धरले तर खोली सात मीटरऐवजी सहा मीटर ऐंशी सेंटिमीटर निघत होती. वीस सेंटिमीटर कुठे गेले? दोर पुन्हा मोजला, बरोबर होता. रात्री अंथरुणावर पडल्यावर उलगडा झाला. समुद्रात बुडी मारताना कमरेला शिसे जास्त बांधावे लागते, कारण खारे पाणी जड. यंत्र खोली मोजत नाही, दाब मोजते. आणि ते समुद्रासाठी जुळवलेले. विहिरीचे गोडे पाणी सुमारे तीन टक्के हलके, म्हणून त्याला सात मीटर थोडे कमी भासले. यंत्र खोटे बोलत नव्हते. ते समुद्राच्या भाषेत विहिरीविषयी सांगत होते. मी उठून मामांना जागे केले. ते म्हणाले, "सकाळी सांगितलं असतंस तरी विहीर तिथंच असती."

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांचे यंत्र कोनाड्यातून काढले. त्याला फक्त 'दे' म्हटले, 'घे' असे काही नाही. सबंध स्मृतीची नक्कल उतरवून घेतली, तिच्या आणखी दोन नकला केल्या आणि यंत्र परत रुमालात. मग शेवटची बुडी उलगडली : अंदमान, स्वराज द्वीप, ज्याला २०१८ पूर्वी हॅवलॉक म्हणत. आलेख पडद्यावर उमटला, आणि माझ्या पोटात गोळा आला.

डॉक्टर सोळा मीटरपर्यंत गेले होते. बाराव्या मिनिटाला चौदा मीटरवरून अकरावर आले. थोडा वेळ तिथे राहिले. आणि मग, दहा सेकंदांच्या आत, एकदम शून्यावर! पावणेतीन मिनिटे पाण्याच्या वर, आणि नंतर पुन्हा एकदम अकरा मीटर खाली. ज्या माणसाने मला 'घाईने वर यायचं नाही आणि जोडीदाराला सोडायचं नाही' हे शिकवले, तो स्वतःच्या मुलीला खाली सोडून बाणासारखा वर गेला होता.

त्या दिवशी दुपारी मुलीचा फोन आला. "काका, काही दिसलं?"

मी म्हटले, "अजून नाही." आयुष्यात खोटे बोलण्याचे प्रसंग आले नाहीत असे नव्हे, पण हे खोटे घशात अडकले. दाखवायचे, की 'वाचता आलं नाही' म्हणून यंत्र परत करायचे? माणसे गेल्यावर त्यांचे कागद उकरू नयेत म्हणतात, ते यासाठीच असेल काय?

मामांना मी सगळे सांगितले. ते बराच वेळ गप्प होते. मग कारकुनाचा प्रश्न त्यांनी विचारला, "बेरीज जुळते का?"

"कसली बेरीज? पानांच्या बेरजा जुळतात."

"पानांची नव्हे. सबंध बुडीची."

प्रत्येक बुडीच्या शिरनाम्यात यंत्राने एकूण वेळ लिहिलेला असतो. या बुडीचा होता एकेचाळीस मिनिटे. माझा आलेख भरत होता त्रेचाळीस मिनिटे चाळीस सेकंद. हे मी आधीच पाहिले होते, आणि 'असेल काही' म्हणून सोडून दिले होते! जादा दोन मिनिटे चाळीस सेकंद, म्हणजे सोळा नोंदी, म्हणजे चौसष्ट आकडे. मी नकलेची पहिली पाने काढली. स्मृतीची पहिली चार पाने, प्रत्येकी सोळा आकड्यांची, बुड्यांसाठी नव्हतीच. तिथे यंत्राची स्वतःची माहिती राखून ठेवली होती, आणि बहुतेक जागा रिकामी : शून्ये. रहाटगाडगे शेवटाला पोचून वळते, ते पहिल्या पानावर नव्हे, पाचव्या पानावर. डॉक्टरांची शेवटची बुडी नेमकी त्या वळणावर पडली होती, आणि मी मधला कोरा समास मजकूर म्हणून वाचला होता. ती शून्ये डॉक्टरांची नव्हती. माझी होती.

मी चार पाने वगळली. अकरा मीटर अकरा मीटरला येऊन मिळाले. बेरीज झाली एकेचाळीस.

वळणावरचा तो तुकडा मी आता पुन्हा पाहिला. जिथे डॉक्टर पळून गेलेले दिसत होते, तिथे ते चार मिनिटे हललेही नव्हते. चोवीस नोंदी, अकरा मीटरच्या वर एक वीत नाही, खाली एक वीत नाही. त्यानंतर सावकाश उतार. शेवटी वर येताना पाच मीटरवर जो थांबा घ्यायचा, तो तीन मिनिटांचा रिवाज असताना त्यांनी सात मिनिटे घेतला होता.

वर्षश्राद्धाच्या आधीच्या रविवारी मुलगी आली. मी तिला फक्त आलेख दाखवला. काही सांगितले नाही. तिने त्या सपाट रेषेवर बोट ठेवले.

"इथं माझ्या चष्म्यात पाणी शिरलं होतं. मी घाबरून वर निघाले. बाबांनी मागून येऊन हात धरला. नुसता धरून ठेवला. मग मी चष्मा साफ केला." ती थांबली. "मला वाटत होतं, अर्धं मिनिट झालं असेल."

"चार मिनिटं," मी म्हणालो.

ती बराच वेळ त्या रेषेकडे बघत राहिली. आतून सौभाग्यवतीने तिला चहाला बोलावले, तेव्हा उठली.

माझे काम मात्र तिथे संपले नव्हते. लिहिलेला सगळा भाग मी लायब्ररी सांभाळणाऱ्यांकडे पाठवला. मनात होते, शाबासकी येईल. आला तो दुरुस्त्यांचा कागद. यंत्राने सांगितलेली लांबी खरी मानून मी पुढे चाललो होतो. बिघडलेल्या यंत्राने भलतीच लांबी सांगितली तर? प्रत्येक ठिकाणी तपासून मगच पुढे जावे. नावे नीट ठेवावीत. एक भागाकार दोनदा केला आहे. प्रथम मला राग आला. फुकट पाणी भरणाऱ्याच्या घागरीला कोणी नावे ठेवते का? मग तो वळणावरचा समास आठवला. माझ्या एका चुकीने एका भल्या माणसावर, तो उत्तर द्यायला नसताना, केवढा आरोप आला होता! पाणपोईचे पाणी फुकट असते म्हणूनच ते गाळलेले असले पाहिजे. मी मुकाट्याने सगळे दुरुस्त केले. तीनदा परत आले. चौथ्यांदा स्वीकारले गेले. आमच्या मॉडेलचे नाव आता यादीत आहे.

आता कुठल्याशा देशात, कुणाच्या तरी कपाटात पडलेले तसलेच यंत्र कोणी केबलला जोडील आणि त्याची पाने उघडतील. त्याला वाईची विहीर ठाऊक असणार नाही, मामा ठाऊक असणार नाहीत. पण फुटाचे सोळा भाग करणारी ती ओळ आणि पहिली चार पाने वगळणारी दुसरी ओळ त्याच्यासाठी मुकाट्याने काम करतील.

परवा दिवाळीची आवराआवर चालली होती. टेबलाचा खण साफ करताना सौभाग्यवतीच्या हाती माझे यंत्र आले. तिने ते उलटसुलट करून पाहिले.

"अहो, तुम्ही खाली असता तेव्हाचं सगळं यात असतं?"

"सगळं."

"आणि हे आता कुणालाही वाचता येतं?"

"कुणालाही."

ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "ती वायर कुठं ठेवलीय, ते एकदा मला दाखवून ठेवा."

मी तिला खण दाखवला.